असईनंतरचा हिशेब : शिंद्यांची फौज आणि माळव्याची अफू

असईची लढाई आपण तोफांच्या मोजदादीतून वाचलेली असते. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, 23 सप्टेंबर 1803 रोजी ती झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूस आर्थर वेलस्लीच्या हाताखालची कंपनी सरकारची फौज. शिंद्यांच्या 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. पुढे वॉटर्लू जिंकणारा हा सेनापती उतारवयातही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर असईचेच नाव घेत असे.

जालन्याच्या वाचकांना या मोहिमेची गावे ओळखीची आहेत. 2 सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. 21 तारखेला बदनापूर येथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ पडली आणि दोघांनी दोन वाटांनी पुढे सरकायचे ठरवले. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, हा वेलस्लीचा प्रसिद्ध तर्क त्यानंतर दोनच दिवसांनी लढवला गेला. हे सारे अनेकदा लिहिले गेले आहे, म्हणून लढाई इथेच थांबवतो. या धाग्यात पाहायचा आहे तो तिच्या नंतरचा पैसा.

सशस्त्र गटांना अमली पदार्थांचा व्यापार कसा पोसतो, हा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कोलंबियाची जंगले, अफगाणिस्तानातील हेलमंद खोरे, ब्रह्मदेशातील शान डोंगर येतात. हा विसाव्या शतकाचा रोग आहे, असाच सर्वसाधारण समज असतो. पण अफूचा बेकायदा व्यापार, त्यावर उभी राहिलेली फौज, त्या फौजेला धाक घालू न शकणारी मोठी सत्ता आणि सरतेशेवटी त्याच व्यापाराची मालक होऊन बसलेली तीच सत्ता, हे सगळे नाटक मराठी इतिहासात एकदा पूर्ण खेळले गेले आहे. त्याचा पहिला अंक असईच्या पराभवाने सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. असईच्या मैदानात उभ्या असलेल्या शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पगार अफूतून होत नव्हता. महादजी शिंद्यांनी द बॉयन या साव्हॉयच्या सेनानीकडून जे कंपू उभे करवले, त्यांच्या खर्चासाठी उत्तरेतील अंतर्वेद, म्हणजे गंगा-यमुनेमधला दुआब, जायदाद म्हणून लावून दिलेला होता. अलीगढच्या आसपासचे ते सुपीक परगणे, तिथला गहू, नीळ, ऊस, आणि तिथून नियमाने वसूल होणारा रोख महसूल, हा कंपूंचा खरा पाया. द बॉयन गेल्यावर हीच व्यवस्था पेराँकडे आली. हॅनोव्हरहून आलेला पोलमन असईत ज्या पलटणींच्या जोरावर लढला त्या या व्यवस्थेतूनच घडलेल्या होत्या.

आता 30 डिसेंबर 1803 चा सुर्जी-अंजनगावचा तह या नजरेने वाचावा. अलीगढ सप्टेंबरच्या आरंभीच पडले होते, दिल्लीजवळचा पराभव झाला होता, 1 नोव्हेंबरला लासवारीत उत्तरेकडील उरलेले कंपूही संपले. तहाने शिंद्यांकडून अंतर्वेद गेला, दिल्ली-आग्र्याचा प्रदेश गेला, दक्षिणेत अहमदनगरचा किल्ला गेला आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे भडोच बंदर गेले. म्हणजे फौजेला पोसणारी जमीन गेली आणि समुद्राकडे उघडणारे दारही गेले. दौलतरावांच्या हाती मुख्यतः उरला तो माळवा. ज्या प्रदेशातून त्यांचा राज्यकारभार चालायचा होता त्यात उज्जैन होते, शाजापूर होते, मंदसौर आणि निमच होते. अफू ज्यांनी पिकवली त्यांना ही नावे पुरेशी बोलकी आहेत.

माळव्याची काळी जमीन, विहिरीचे पाणी आणि कोरडा हिवाळा या तिन्ही गोष्टी खसखशीच्या पिकाला मानवतात. पेरणी दिवाळीच्या सुमारास होते. माघ-फाल्गुनात बोंडे भरली की दुपारनंतर त्यांना बारीक चिरा देतात, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घेतात. एकाच बोंडाला अशा अनेकदा चिरा द्याव्या लागतात. घरातील बायकापोरांसकट सगळे शेतात उभे राहिल्याखेरीज हे काम होत नाही. माळव्यात हा चीक अळशीच्या तेलात ठेवण्याची रीत होती. नंतर मळून, गोळे करून, सुकवून तो पेटीत भरला जाई. बाहेर जाणारी पेटी साधारण 140 पौंडांची. एका उंटावर अशा दोन पेट्या सहज जात.

हे ओझ्याचे गणित लक्षात ठेवा. त्या काळी माळव्यातून गहू किनाऱ्यापर्यंत नेणे म्हणजे वाटेतच त्याची किंमत खाऊन टाकणे. बैल, चारा, नाकी, राखणदार यांचा खर्च धान्याला झेपत नसे. अफूला तो झेपे. ती वजनाला हलकी, किमतीला भारी, नीट ठेवली तर टिकाऊ, आणि कुठल्याही आडवाटेने नेता येण्याजोगी. रस्ते नसलेल्या, किनारा गमावलेल्या राज्याला बाहेरचे रुपे आत आणायचे असेल तर याहून सोयीचे पीक नव्हते.

तिची किंमत मात्र केवळ मातीने ठरवलेली नव्हती. चीनच्या बादशहाने 1729 मध्येच अफू ओढण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले होते; अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातीवरची बंदी अधिक कडक झाली. तरी इंग्रजांना चहा हवा होता आणि चिनी व्यापारी चहाचे मोल चांदीत मागत. ईस्ट इंडिया कंपनीने यावर काढलेला तोडगा कुप्रसिद्ध आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, 1773 पासून, बंगाल-बिहारच्या अफूवर तिने आपली मक्तेदारी बसवली. 1797 मध्ये उत्पादनही थेट आपल्या अंमलाखाली घेतले. पाटण्याची अफू कलकत्त्यात लिलावाने विकायची, खाजगी व्यापाऱ्यांनी ती आपल्या जोखमीवर चीनच्या किनाऱ्यावर उतरवायची, आणि तिथे मिळालेली चांदी कँटनमध्ये कंपनीच्या खजिन्यात भरून लंडनच्या हुंड्या घ्यायच्या. कंपनीच्या जहाजावर अफूची गोळी सापडायची नाही, आणि चहाचे पैसे मात्र अफूतून यायचे.

या व्यवस्थेत कंपनी माल मुद्दाम थोडा ठेवत असे. वर्षाला चार-साडेचार हजार पेट्यांच्या आसपास, म्हणजे भाव चढा राहतो. एवढा नाजूक तोल सांभाळत असताना दुसऱ्या बाजूने कोणी स्वस्त माल आणून ओतू लागला तर काय होईल? माळव्याने नेमके तेच केले.

इथे एक योगायोग आहे, आणि तो मला या कथेतला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. 1803 मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या खुर्चीवर होता रिचर्ड वेलस्ली, आर्थरचा थोरला भाऊ. धाकटा भाऊ दख्खनमध्ये शिंद्यांच्या तोफा घेत होता त्याच वर्षी थोरल्याने मुंबई सरकारला माळव्याच्या अफूच्या व्यापाराची वाढ रोखण्याचे आणि अखेरीस तो नष्ट करण्याचे धोरण कळवले. 1805 मध्ये मुंबईतून तिच्या निर्यातीवर बंदी आली. म्हणजे जी वस्तू कंपनी स्वतः पूर्वेकडे लिलावात विकत होती तीच पश्चिमेकडे ‘चोरटा माल’ ठरली. माळव्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा शिंद्यांच्या कायद्याने ती चोरटी नव्हती. ज्याच्या हाती बंदरे होती त्याने ती तशी ठरवली. ‘अवैध व्यापार’ हा शब्द इतिहासात वाचताना तो कोणाच्या कायद्याने अवैध, हे विचारण्याची सवय ठेवावी.

मग अफूचा पैसा फौजेपर्यंत पोहोचे कसा? आपण कल्पना करतो तसा कोणी सरदार पेटी विकून बंदुका घेत नसे. वाट बरीच लांब आणि कागदांतून जाणारी होती.

खसखशीचे रान विहिरीखालचे असे आणि बागायताचा सारा जिरायताहून चढा असे. तो भरायचा तर शेतकऱ्याला रोकड हवी, आणि पीक हाती यायला चार महिने. तेव्हा गावचा सावकार उचल देई आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर हक्क सांगे. त्या सावकारामागे उज्जैन, रतलाम, इंदूर किंवा कोट्याची पेढी असे. दुसऱ्या टोकाला, परगण्याच्या कमाविसदाराला सरकारात आगाऊ रसद भरावी लागे. ती तो त्याच पेढ्यांकडून कर्जाऊ उचलून भरी. सरकारने शिपायांच्या पगारासाठी कमाविसदारावर वरात काढायची, कमाविसदाराने ती सावकाराकडे वटवायची, सावकाराने हुंडीने पैसा छावणीत पोहोचवायचा. सावकार एवढा पैसा आगाऊ का देई? कारण शेवटी त्याच्या हाती येणारा माल चीनच्या भावाने विकला जाणार होता. पराभूत आणि कर्जबाजारी राज्याला उधारी मिळत राहिली ती या भरवशावर.

त्याशिवाय जकात होतीच. शेतापासून सरहद्दीपर्यंत मालाच्या वाटेवर प्रत्येक नाक्याला काही ना काही द्यावे लागे, पेठेत वजनावर कर असे, आणि वाटेतील लहानमोठे ठाकूर आपला वाटा वेगळा घेत. राज्याच्या खजिन्यात गव्हाचा रुपया आणि अफूचा रुपया एकाच पोतडीत पडत. त्यांवर वेगळा शिक्का नसे. म्हणून ‘फौजेचा अमुक हिस्सा अफूचा’ असे बोट ठेवून दाखवण्यापेक्षा अफूने राज्याची पत टिकवली, असे म्हणणे अधिक बरोबर. फौज पगाराइतकीच पतीवर चालत असे.

ती पत किती ताणलेली होती याचे चित्र टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने 1809 मध्ये दौलतरावांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत आहे. पगार थकलेले शिपाई आपल्याच सरकारच्या दारात धरणे धरून बसत, कारभाऱ्यांना अन्नपाणी बंद करत, आणि थोडी रक्कम हाती आली की उठत. तरी याच फौजेने पुढच्या काही वर्षांत जाँ बाप्तिस्त फिलोजच्या हाताखाली चंदेरी, शिवपूर असे मुलूख जिंकले. थकबाकी आणि विजय एकाच वेळी चालू असलेले हे सैन्य वाचताना विचित्र वाटते. उधारीवरची फौज अशीच असते.

होळकरांचीही कथा याच मातीतली. कंपनीशी 1804-05 मध्ये झुंज दिलेल्या यशवंतरावांनी शेवटच्या वर्षांत भानपुऱ्याला तोफा ओतण्याचा कारखाना घातला. 1811 मध्ये ते तिथेच वारले. रामपुरा-भानपुऱ्याचा तो टापू आजही अफूच्या परवान्यांचा टापू आहे. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला त्यांच्या वारसाची फौज मोडली आणि पुढील महिन्यात मंदसौरच्या तहाने होळकर कंपनीच्या छत्राखाली गेले. शिंदे त्या युद्धात लढले नाहीत, म्हणून त्यांची फौज वाचली. तिचा शेवट अजून पंचवीस वर्षे दूर होता.

1818 नंतर साऱ्या मध्य हिंदुस्थानावर कंपनीचा वचक बसला. आता तरी माळव्याची अफू थांबायला हवी होती. झाले उलटेच. कंपनीने प्रथम, 1820 च्या सुमारास, आपण स्वतःच माळव्याचा माल विकत घेऊन स्पर्धकांना उपाशी मारायचे ठरवले. सरकारसारखा खात्रीचा गिऱ्हाईक बाजारात आला म्हटल्यावर भाव वाढला, भाव वाढला म्हणून पेरा वाढला, आणि कंपनीने घेऊन उरलेला माल पूर्वीपेक्षा अधिक चोरवाटांना लागला. मग तिने संस्थानिकांशी करार केले: पेरा मर्यादित ठेवा, माल फक्त आम्हाला द्या, चोरटा माल पकडा, बदल्यात रोख रक्कम घ्या. होळकरांनी, उदयपूर-कोटा-बुंदीसारख्या दरबारांनी असे करार मान्य केले. शिंदे दरबाराने केला नाही. असईत हरलेल्या दौलतरावांनी कंपनीला दिलेला हा बहुधा सर्वांत परिणामकारक नकार होता, आणि त्यासाठी एकही तोफ डागावी लागली नाही.

चोरवाट कशी होती ते नकाशा उघडून पाहा. उज्जैनहून दमण सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर. दमण पोर्तुगीजांचे, म्हणून तिथे कंपनीचा कायदा चालत नव्हता. पण मधला मुलूख कंपनीच्या पहाऱ्यात. तेव्हा माल निघे तो उत्तर-पश्चिमेला: माळव्यातून राजपुतान्यात, पालीच्या पेठेला, तिथून जैसलमेरच्या वाळवंटातून सिंधमध्ये, तालपूर मीरांच्या अमलाखालच्या कराची बंदराला, आणि कराचीहून गलबतांतून परत खाली दमणला. दमणहून चीन. उंटांच्या तांड्यांबरोबर हत्यारबंद राखणदार असत, मालाचा विमा उतरवला जाई आणि वाटेच्या धोक्याप्रमाणे विम्याचा दर कमीजास्त होई. कंपनीच्या शिपायांनी एक घाट अडवला की तांडा दुसरा धरी.

या व्यापाराच्या समुद्राकडच्या टोकाला मुंबई होती. मूळच्या गोव्याचे कॅथलिक व्यापारी रॉजर द फारिया दमणच्या अफूत अग्रेसर होते. जमशेटजी जीजीभाई यांची चीनमधील भागीदारी जार्डिन-मॅथेसनशी. त्यांच्या संपत्तीत अफूचा मोठा वाटा होता, आणि त्या संपत्तीतून उभे राहिलेले रुग्णालय व कलाशाळा आपण आजही ‘जेजे’ म्हणून ओळखतो. कंपनीच्या बंदीखाली असलेली मुंबई कंपनीच्याच बंदीला वळसा घालून वाढत होती.

आणि ग्वाल्हेरच्या दरबारात या व्यापाराची भाषा उत्तम जाणणारी एक व्यक्ती होती. कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतरावांची राणी बायजाबाई. 1827 मध्ये दौलतराव वारल्यानंतर 1833 पर्यंत कारभार तिच्या हाती होता. ती स्वतः सावकारी करी. उज्जैनच्या बाजारात तिच्या पेढ्या होत्या. त्या काळच्या उज्जैनात सावकारी करणे म्हणजे मोठ्या अंशी अफूच्या हंगामावर पैसा लावणे. आपल्याकडे बायजाबाईचे वर्णन घोड्यावर बसणारी, भाला चालवणारी राणी असे केले जाते. ते खरेच आहे, पण कंपनीच्या रेसिडेंटला तिच्या भाल्यापेक्षा तिच्या खातेवह्यांची काळजी अधिक वाटावी, अशी तिची आर्थिक ताकद होती.

1830 च्या आसपास चीनला जाणाऱ्या अफूत माळव्याच्या पेट्या बंगालच्या पेट्यांहून जास्त झाल्या. कंपनीने हार मानली, आणि हार मानण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. तिने खरेदी थांबवली, करार गुंडाळले आणि परवाना काढला: दर पेटीमागे 175 रुपये भरा आणि माल राजरोस मुंबईला आणा. कंपनीच्या पायदळातल्या शिपायाला तेव्हा महिना 7 रुपये मिळत. म्हणजे एका पेटीला नुसते वाट सोडण्याचे मोल दोन वर्षे आणि एक महिन्याच्या शिपाईगिरीइतके. कालपर्यंत जो गुन्हा होता तो आज महसुलाचा विषय झाला.

इतिहासकार अमर फारूकी यांनी या तस्करीचा सविस्तर अभ्यास केला आहे. तिच्यामुळे वसाहती सत्तेची मक्तेदारी फुटली आणि देशी भांडवल तगले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते पटण्यासारखे आहे. पण मला ते अर्ध्यावरच थांबवावेसे वाटते. या प्रतिकाराचे मोल चीनमधल्या व्यसनी माणसाने चुकवले, राजपुताना-माळव्यातल्या कसुंब्याच्या वाट्यांनी चुकवले, आणि उचल घेऊन पेरा करणाऱ्या कुणब्याच्या हाती चीनच्या भावातले फारच थोडे पडले. परकीय सत्तेला चकवले एवढ्यावरून हा व्यापार देशभक्तीचा ठरत नाही.

आता पुन्हा आजच्या उदाहरणांकडे वळून पाहा. कोलंबियातील ‘फार्क’ या बंडखोर संघटनेने आरंभीच्या काळात कोका स्वतः पिकवला नाही. तो विकत घेणाऱ्या दलालांवर वजनाप्रमाणे कर बसवला. तालिबानने शेतावर दशांश घेतला आणि रस्त्यावर नाकी बसवली. 1949 नंतर चीनमधून हटून शान डोंगरांत शिरलेल्या क्वोमिंतांग पलटणी अफूच्या खेचरांच्या तांड्यांवर जगल्या, आणि पुढे खुन सा याने तोच धंदा मोठा करून 1996 पर्यंत आपली फौज राखली. शेत, नाका, तांडा आणि सावकार ही जुनीच यंत्रणा तिथे दिसते. जिथे कायदेशीर महसुलाची जमीन हातची गेलेली असते आणि सरहद्द जवळ असते, तिथे ती उभी राहते.

फरकही सांगितला पाहिजे. शिंदे हे बंडखोर नव्हते; ते एक मान्यताप्राप्त राज्य होते, त्यांचा मुलूख होता, कंपनीशी तह होते. शिवाय सशस्त्र गटांना पैसा पुरवायला अमली पदार्थच लागतो असेही नाही. आपल्याच गडचिरोलीत माओवाद्यांनी तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडून वर्षानुवर्षे वसुली केली, आणि तेंदूपत्ता पूर्ण कायदेशीर माल आहे. हंगामी, रोखीचा, जंगलातून बाहेर काढावा लागणारा कोणताही माल वसुलीला चालतो. अफूचे वेगळेपण इतकेच की तिच्यावरची बंदी तिचा भाव वाढवते, आणि वाढलेल्या भावातून बंदुकीसाठी अधिक उरते. बंदी जितकी कडक तितका नाक्यावरचा हप्ता मोठा. 1805 च्या मुंबईतल्या बंदीने माळव्याच्या पेठेत नेमके हेच केले होते.

शेवटचा अंक 1839 ते 1844 या पाच वर्षांचा. जून 1839 मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेनच्या किनाऱ्यावर 20 हजारांहून अधिक पेट्या अफू चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडली. त्यांत माळव्याचा माल होता, म्हणजे मंदसौर-उज्जैनच्या विहिरींचे पाणीही होते. त्यातून पहिले अफू युद्ध पेटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांनी कराची घेतली होती. 17 फेब्रुवारी 1843 ला मियाणीच्या लढाईत नेपियरने मीरांचा पराभव केला आणि सिंध खालसा झाला. या विस्तारामागे अफूची वाट बंद करण्याचा हेतू कितपत होता यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाही. कराची-दमणची वाट मिटली आणि माळव्याच्या मालाला मुंबईखेरीज दार उरले नाही.

दार एकच उरले म्हटल्यावर कंपनीने दर चढवला. मधल्या काळात स्पर्धेपायी परवाना 125 रुपयांवर उतरवावा लागला होता. 1843 मध्ये तो 200 झाला, 1845 मध्ये 300, 1847 मध्ये 400. शिपायाच्या पगारात मोजले तर जवळजवळ पावणेपाच वर्षे. पूर्वी हा पैसा पाली, जैसलमेर, कराची, दमण आणि ग्वाल्हेर यांच्यात वाटला जाई. आता त्यातला मोठा घास मुंबईच्या कस्टम हाऊसात थांबू लागला. शतकाच्या मध्याला कंपनीच्या हिंदुस्थानातील महसुलाचा सहावा-सातवा हिस्सा अफूतून येत होता. अफूवर चालणारी आशियातली सर्वांत मोठी फौज कोणाची, याचे उत्तर त्या आकड्यात आहे.

आणि शिंद्यांची फौज? सिंध पडला त्याच वर्षाच्या अखेरीस, 29 डिसेंबर 1843 रोजी, ग्वाल्हेरजवळ महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. असईच्या वारसदार पलटणी आणि त्यांच्या तोफा तिथे शेवटच्या वेळी उभ्या राहिल्या. महाराजपूरला त्यांनी इंग्रजांचे मोठे नुकसानही केले. जानेवारी 1844 च्या तहाने ग्वाल्हेरची फौज 9,000 माणसांवर आणली गेली, आणि तिच्या जागी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिंजंट वाढवण्यात आली. तिचा खर्च मात्र शिंद्यांच्याच मुलखाच्या उत्पन्नातून भागवायचा होता. तेरा वर्षांनी हीच कंटिंजंट उठली आणि तात्या टोपे यांच्यासोबत कानपूरवर चालून गेली.

माळव्यात खसखस आजही फुलते. मंदसौर, निमच आणि रतलाम जिल्ह्यांत सरकारी परवान्याने तिची शेती होते, निमचच्या सरकारी कारखान्यात औषधांसाठी चीक जातो, आणि परवान्याबाहेर सरकलेल्या मालाच्या मागावर यंत्रणा असतातच. परवाने देणाऱ्या आणि पिकावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे.